सर चार्ल्स लायेल : शिंपल्यांची साक्ष

ओहोटी लागली म्हणजे मांडवीच्या आणि जुवारीच्या काठांवर तिसऱ्या आणि खुबे वेचणाऱ्या बायका चिखलात वाकलेल्या दिसतात. हे शिंपले खाऱ्या पाण्यातले. ते पाण्याच्या काठी सापडावेत यात नवल ते काय? परंतु तशाच जातीचे शिंपले समुद्रापासून दूर, दोन-तीन हजार फूट उंचीच्या डोंगरावर, खडकाच्या पोटात घट्ट रुतून बसलेले आढळले तर काय म्हणावे? हा प्रश्न युरोपातील विद्वानांना कित्येक शतके छळीत होता. कोणी म्हणत, ही निसर्गाची लीला; दगडाने शिंपल्याचे सोंग घेतले इतकेच. कोणी बायबलातील महापुराकडे बोट दाखवीत. व्हॉल्तेअरसारख्या चतुर लेखकाने तर, हे शिंपले आल्प्स ओलांडून जाणाऱ्या यात्रेकरूंपासून गळून पडले असावेत, असाही तर्क लढविला होता! ज्या मोजक्या माणसांनी ही कोडी तर्कावर न सोडता पुराव्यानिशी सोडविली, त्यांत सर चार्ल्स लायेल हा अग्रगण्य होय.

चार्ल्स लायेलचा जन्म १४ नोव्हेंबर १७९७ रोजी स्कॉटलंडमधील किनॉर्डी या गावी, एका सधन जमीनदाराच्या घरी झाला. दहा भावंडांत तो सर्वांत वडील. पिता वनस्पतिशास्त्राचा व्यासंगी आणि इटालियन महाकवी दान्तेचा भक्त व अनुवादक. चार्ल्स लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिणेस न्यू फॉरेस्ट या रानाच्या परिसरात राहावयास गेले. शाळेत असताना एका दुखण्याने त्याला काही महिने घरी बसावे लागले, तेव्हा वेळ घालविण्यासाठी तो किडे आणि फुलपाखरे गोळा करू लागला. सारख्या दिसणाऱ्या दोन जीवांतील बारीकसा भेद ओळखण्याची जी सवय त्या रिकाम्या दिवसांत त्याच्या डोळ्यांना लागली, ती पुढे शिंपल्यांच्या कामी आली.

सन १८१६ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तेथे अभ्यास ग्रीक-लॅटिनचा. परंतु विल्यम बकलंड नावाच्या विक्षिप्त पण विद्वान प्राध्यापकाची भूगर्भशास्त्रावरील व्याख्याने त्याने ऐकली आणि त्याचे मन तिकडे ओढले गेले. पित्याची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. ती मानून लायेल लंडनला कायदा शिकला, वकिलीची सनद मिळविली आणि काही काळ कोर्टाची पायरीही चढला. मात्र त्याचे डोळे जात्याच अधू होते. दाट अक्षरांतील कागदपत्रे वाचता वाचता ते सुजत, दुखत. उघड्या माळावर, कड्यांच्या तळाशी हिंडताना मात्र त्यांना आराम वाटे. थोडक्यात, डोळ्यांनी त्याला कोर्टातून बाहेर काढले. तरी कायद्याचा अभ्यास वाया गेला असे मला वाटत नाही. साक्षीदार किती विश्वासाचा, त्याने प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यावरून काय सिद्ध होते, काय होत नाही, हे पारखण्याची वकिली रीत त्याच्या पानापानांतून दिसते. फरक एवढाच की, त्याचे साक्षीदार मुके होते.

त्या काळी पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, असा युरोपातील सर्वसामान्य सुशिक्षित माणसाचा समज होता. भूगर्भशास्त्रज्ञांपैकी बरेचजण तो काळ लांबवावयास तयार होते. परंतु डोंगर, दऱ्या आणि सागर हे मोठमोठ्या उत्पातांनी, आज कोठेच दिसत नाहीत अशा प्रचंड शक्तींनी घडले, असे तेही मानीत. याला अपवाद होता स्कॉटलंडचा जेम्स हटन. आज जो पाऊस माती धुतो, जी नदी गाळ वाहते, जो भूकंप जमीन हलवितो, त्यांनीच अपार काळ लावून हे सारे घडविले, असे त्याचे म्हणणे. हटन वारला तो १७९७ साली, म्हणजे लायेल जन्मला त्याच वर्षी. त्याचे म्हणणे थोड्यांनी वाचले आणि त्याहून थोड्यांना पटले.

लायेलने प्रथम आपल्या गावाजवळच पाहिले. किनॉर्डीच्या आसपासची काही तळी शेतकऱ्यांनी उपसून कोरडी केली होती आणि त्यांच्या तळाशी साठलेला चुनखडीचा गाळ ते शेतात घालण्यासाठी खणून काढीत. त्या गाळात गोड्या पाण्यातले शंख होते, पाणवनस्पतींची बीजे होती. पॅरिसच्या परिसरातील प्राचीन चुनखडकातही नेमक्या याच प्रकारच्या वस्तू होत्या. पण तो खडक आजच्या कोणत्याही तळ्यात तयार होऊ शकत नाही, असे तज्ज्ञ सांगत. आणि येथे तर तो खेडुतांच्या कुदळीखाली होता! तळ्याचा तळ म्हणजे नवा खडक, आणि खडक म्हणजे जुना तळ, हे सूत्र त्याच्या हाती आले.

मे १८२८ मध्ये तो रॉडरिक मर्चिसन आणि मर्चिसनची पत्नी यांच्याबरोबर फ्रान्सच्या प्रवासास निघाला. फ्रान्समधील विझलेले ज्वालामुखी पाहून ते इटलीत शिरले. तेथून मर्चिसन दांपत्य परतले आणि लायेल एकटाच नेपल्स व सिसिलीकडे वळला. या एका प्रवासाने त्याचे आयुष्य घडविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सिसिलीत एटना हा प्रचंड ज्वालामुखी आहे. त्याची उंची जवळजवळ ११,००० फूट, आणि पायथ्याचा घेर ८०-९० मैल. एकेका उद्रेकात लाव्ह्याचा एखादा पातळ पट्टा त्याच्या अंगावर चढतो, आणि अशा दोन उद्रेकांमध्ये कधी कधी पुष्कळ वर्षे लोटतात. इतिहासकाळातील सारे उद्रेक मिळूनही पर्वताच्या आकारात फारसा फरक पडलेला नाही. मग हा पर्वत उभा राहण्यास किती काळ लागला असेल? लायेल त्याच्या पायथ्याशी फिरला. लाव्ह्याच्या खाली त्याला समुद्रतळावरील गाळाचे थर दिसले, आणि त्या थरांत शिंपले होते. ते जाणकारांकडून तपासून घेता असे ठरले की, त्यांतील बहुतेक सर्व जाती आजही भूमध्य समुद्रात जिवंत आहेत. पुढे बेटाच्या मध्यभागी, कास्त्रोजोव्हान्नी येथे (या गावाला आज एन्ना म्हणतात) तशाच आधुनिक शिंपल्यांनी भरलेला चुनखडक त्याला सुमारे ३,००० फूट उंचीवर आढळला.

याचा अर्थ काय झाला, तो नीट पाहिला पाहिजे. ज्या गाळात आजच्याच जातींचे शिंपले आहेत तो गाळ पृथ्वीच्या इतिहासात अगदी अलीकडचा, जणू कालचा. तो कालचा गाळ प्रथम समुद्राच्या तळाशी साठला, मग त्याचा खडक झाला, आणि मग तो तीन हजार फूट वर उचलला गेला. एटनाचा डोंगर तर त्याच जातीच्या थरांवर, त्यांच्या नंतर, थरावर थर चढत उभा राहिला. कालची गोष्ट जर एवढी लांब, तर त्यापूर्वीच्या, ज्यांतील एकही जीव आज जिवंत नाही अशा खडकांचा काळ किती लांब असेल! मनुष्याच्या वर्षांनी तो मोजणे व्यर्थ आहे, हे लायेलला सिसिलीच्या त्या उजाड टेकड्यांवर कळून चुकले.

याच प्रवासात त्याने नेपल्सजवळील पोत्सुओली हे बंदर पाहिले. तेथे रोमन काळातील एका इमारतीचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. १७५० साली उत्खनन होऊन ती इमारत उजेडात आली, आत सेरापिस या देवाची मूर्ती मिळाली, म्हणून लोक तिला सेरापिसचे देऊळ म्हणू लागले. वास्तविक ती त्या शहराची बाजारपेठ होती, असे आता ठरले आहे. खांब सुमारे ४० फूट उंच. खालचा १२ फुटांचा भाग गुळगुळीत. त्याच्या वर सुमारे ९ फुटांचा पट्टा असंख्य भोकांनी पोखरलेला. त्याहून वर पुन्हा भोके नाहीत. ही भोके पाडणारा प्राणी आपल्या शिनाण्यांच्या कुळातला आहे. तो खडक पोखरून त्यात राहतो आणि फक्त समुद्राच्या पाण्यातच जगतो. काही भोकांत त्याचे शिंपलेही सापडले.

आता हे खांब वकिलाच्या नजरेने तपासा. समुद्राच्या पाण्यात कोणी बाजारपेठ बांधीत नाही. म्हणजे बांधली तेव्हा जमीन कोरडी होती. पुढे केव्हातरी ती निदान वीस फूट खाली गेली. त्या वेळी खांबांचा खालचा भाग गाळात आणि राखेत पुरलेला होता म्हणून वाचला, मधला पाण्यात होता म्हणून पोखरला गेला, वरचा हवेत होता. त्यानंतर जमीन पुन्हा वर आली, आणि ती इतक्या हळू की, एवढ्या घालमेलीत तीन खांब उभेच राहिले. जर्मन महाकवी गटे यानेही हे खांब पाहिले होते. समुद्राची पातळी अशी वरखाली होणे त्याला अशक्य वाटले, म्हणून राखेने बांध घातला जाऊन तेवढ्याच जागी खाऱ्या पाण्याचे डबके साचले असावे, असा तोडगा त्याने काढला. तोडगा कल्पक होता, पण डबक्याची आवश्यकता नव्हती. त्या किनाऱ्यावर समुद्र हटून नवी जमीन उघडी पडत असल्याचे उल्लेख १५०३ आणि १५११ या सालांच्या दानपत्रांतच होते, आणि १५३८ मध्ये त्याच परिसरात काही दिवसांत चारशेहून अधिक फूट उंचीची एक नवी टेकडी ज्वालामुखीतून उभी राहिली होती. जमीनच हलत होती. ती अजूनही हलते आहे. १९७० ते १९७२ आणि पुन्हा १९८२ ते १९८४ या काळात ते गाव प्रत्येक वेळी दीड मीटरहून अधिक वर आले, आणि २००५ नंतर ते पुन्हा उचलले जाऊ लागले आहे.

या खांबांचे चित्र लायेलने आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठासमोर घातले. तो ग्रंथ म्हणजे ‘भूगर्भशास्त्राची मूलतत्त्वे’. पहिला खंड १८३० साली, दुसरा १८३२ आणि तिसरा १८३३ साली निघाला. आज घडताना दिसणाऱ्या कारणांनीच पृथ्वीवरील पूर्वीच्या बदलांचा उलगडा करावयाचा, हे त्याचे सूत्र. तिसऱ्या खंडात त्याने समुद्री गाळाच्या अलीकडील थरांचा काळ ठरविण्याची एक सुंदर युक्ती मांडली. पॅरिसचे शंखतज्ज्ञ पॉल देशाये यांनी सुमारे ३,००० जातींचे जीवाश्म शिंपले आजच्या जातींशी ताडून पाहिले होते. ज्या थरात आजच्या जाती शेकडा साडेतीनच, तो फार जुना. ज्यात शेकडा सतरा-अठरा, तो मधला. ज्यात त्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, तो नवा. इओसीन, मायोसीन आणि प्लायोसीन ही त्यांची नावे आजही जगभर चालतात. दुकानदाराच्या वहीतली ही त्रैराशिके. पण त्यांनी मुक्या गाळाला तारीख दिली.

ग्रंथ खपला. लायेलच्या हयातीत त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येक आवृत्तीत त्याने जुने खोडून नवे लिहिले. जगाच्या कानाकोपऱ्यातून येणारी प्रत्येक विश्वसनीय बातमी तो तपासून पोटात घेई. अशा बातम्यांत आपल्या देशाचाही वाटा आहे, तो येथे सांगितला पाहिजे.

१६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. भूज शहर कोसळले, दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे झुलते मनोरे पडले. कच्छच्या रणात सिंधूच्या एका जुन्या फाट्यावर सिंद्री नावाचा किल्ला आणि गाव होते. भूकंपानंतर तेथे समुद्राचे पाणी शिरले आणि पाहता पाहता मैलोगणती प्रदेश जलमय झाला. गावकऱ्यांनी किल्ल्याच्या बुरुजाचा आश्रय घेतला आणि दुसऱ्या दिवशी होड्यांतून ते सुटले. त्याच वेळी, काही मैल उत्तरेस, पूर्वी जेथे सपाट रण होते तेथे पन्नासएक मैल लांबीचा आणि दहा फुटांपर्यंत उंचीचा एक बांध पूर्व-पश्चिम पसरलेला लोकांना दिसला. मनुष्याच्या हातांनी हा घातलेला नाही म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ हे नाव दिले. १८२६ साली सिंधूच्या पुराने हा बांध फोडला. पुढे मुंबई सरकारच्या नोकरीतील अलेक्झांडर बर्न्स हा अधिकारी तेथे गेला, तेव्हा पाण्याने कापलेल्या त्या कडेत त्याला शिंपल्यांनी भरलेली चिकणमाती दिसली. म्हणजे हा बांध जुन्या पाण्याखालच्या गाळाचाच होता! एकाच दिवशी, एकमेकांशेजारी, एक तुकडा खाली बसला आणि दुसरा वर आला. लायेलने बर्न्सची टिपणे मिळविली, नकाशा आणि सिंद्रीचे चित्र ग्रंथात घातले. एटनाच्या काळाची कल्पना ज्यांना करवत नव्हती त्यांना त्याने जिवंत माणसांच्या आठवणीतला पुरावा दाखविला. पर्वत घडतात ते असे, दहा-दहा फुटांनी.

बंगालचा पुरावा वेगळ्या जातीचा होता. गाझीपूर येथे एव्हरेस्ट नावाच्या एका पाद्र्याने गंगेच्या पाण्यातील गाळ मोजला होता. वर्षाला सुमारे ६ अब्ज ३७ कोटी घनफूट माती तेथून समुद्राकडे जाते, असा त्याचा हिशेब. एवढी माती जाते कोठे? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात गोड्या पाण्यासाठी १८३५ ते १८४० या काळात ४८१ फूट खोल छिद्र घेण्यात आले. समुद्रसपाटीच्या खाली शेकडो फूट जाऊनही तेथे ओळखता येण्याजोगे जे अवशेष निघाले ते जमिनीवरचे आणि नदीतले : झाडांची कुजलेली पाने व लाकूड, प्राण्यांची हाडे, गोड्या पाण्यातील कासवाच्या कवचाचे तुकडे. दलदल साठते ती पाण्याच्या पृष्ठभागालगत, चारशे फूट खाली नव्हे. तेव्हा त्रिभुज प्रदेश सावकाश खाली बसत गेला आणि नदी तितक्याच सावकाश तो भरीत गेली, असा निष्कर्ष लायेलने काढला.

मात्र लायेल सर्वच बातम्या लगेच मानी असे नव्हे. स्वीडनची जमीन समुद्रातून हळूहळू वर येत आहे, असे तेथील लोक शंभर वर्षे सांगत होते. तेथे ज्वालामुखी नाहीत, मोठे भूकंप नाहीत. मग जमीन उचलणार कोण? लायेलला हे खरे वाटेना. पण घरी बसून नाकारणे त्याच्या स्वभावात नव्हते. १८३४ च्या उन्हाळ्यात तो स्वतः स्वीडनला गेला. येव्ले गावाजवळच्या एका बेटावर खगोलशास्त्रज्ञ सेल्सियसच्या काळी, १७३१ मध्ये, पाण्याच्या पातळीची खूण खडकावर कोरलेली होती. ती आता सुमारे तीन फूट वर आली होती. कोळी आणि नावाडी यांना त्याने उलटसुलट प्रश्न विचारले. किनाऱ्यापासून दूर आत त्याने शिंपल्यांचे थर तपासले. बाल्टिक समुद्राचे पाणी फारसे खारे नाही. त्यामुळे त्यातले शिंपले जातींनी थोडे आणि आकाराने खुरटे असतात. स्टॉकहोमच्या बाजूला उंचावर सापडले ते नेमके असेच. उलट पश्चिमेस, उद्देवाला गावाजवळ, दोनशे फूट उंचीवर उघड्या महासागरातील भरदार शिंपल्यांच्या राशी होत्या, आणि शंभराहून अधिक फूट उंचीवरच्या खडकाला समुद्रातील खडककिडे चिकटलेल्या जागीच होते. खाडीतला शिंपला आणि बाहेरच्या दर्याचा शिंपला यांतला फरक आपल्याकडची कोळीणसुद्धा सांगेल. लायेलने त्या फरकावरून जुन्या किनाऱ्याचा नकाशा वाचला.

राहता राहिला एकच प्रश्न : जमीन चढली की पाणी उतरले? पाणी उतरले असते तर ते सर्वत्र सारखेच उतरावयास हवे. पण उत्तरेकडे पातळी भरभर खाली जात होती, दक्षिणेकडे जवळजवळ स्थिर होती, अगदी दक्षिण टोकाला तर जमीनच बुडत होती. तेव्हा हलली ती जमीन. इंग्लंडला परतल्यावर लायेलने रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन आपला पूर्वीचा संशय जाहीरपणे मागे घेतला.

या सर्व कामात त्याला एक सहकारी लाभली होती. जुलै १८३२ मध्ये त्याचा विवाह मेरी हॉर्नर हिच्याशी झाला. ती भूगर्भशास्त्रज्ञ लेनर्ड हॉर्नर यांची ज्येष्ठ कन्या. लग्नानंतरचा पहिला प्रवासही खडक पाहण्यातच गेला. मेरीला जर्मन व फ्रेंच उत्तम येई आणि शंखशिंपल्यांचे ज्ञान तर तिने स्वतंत्रपणे मिळविले होते. पतीचे डोळे दुखत तेव्हा वाचणारे डोळे तिचे असत, लिहिणारा हातही पुष्कळदा तिचाच. ग्रंथाच्या पृष्ठावर तिचे नाव नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते नसणारच, पण आपण ते लक्षात ठेवावयास हरकत नसावी.

लायेलच्या पहिल्या खंडाची एक प्रत बीगल नावाच्या जहाजावरून जगप्रवासास गेली होती. ती चार्ल्स डार्विन या तरुणाच्या हातात होती. २० फेब्रुवारी १८३५ च्या भूकंपानंतर चिलीच्या किनाऱ्यावर त्याला ग्रंथातला मजकूर डोळ्यांपुढे दिसला. किनारा काही फूट उचलला गेला होता, आणि सांता मारिया बेटावर भरतीरेषेच्या दहा फूट वर शिंपले खडकाला चिकटलेले, कुजत पडले होते. परत आल्यावर डार्विन आणि लायेल यांची गाढ मैत्री जमली. कंकणाकृती प्रवाळद्वीपे (आपली लक्षद्वीप बेटे याच जातीची) ही बुडालेल्या ज्वालामुखींच्या तोंडावर वाढतात, असे लायेलने ग्रंथात लिहिले होते. डार्विनने म्हटले, ज्वालामुखीचे बेट हळूहळू खाली बसते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ त्याच गतीने वर वाढत राहते. हे ऐकताच लायेलने आपले मत सोडून दिले, आणि त्याचे दुःख न मानता तो आनंदला. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटॉक बेटावर चार हजारांहून अधिक फूट प्रवाळ भेदून यंत्र खालच्या ज्वालामुखी खडकाला टेकले. डार्विन बरोबर होता.

परंतु दुसऱ्या एका बाबतीत लायेलला इतके सहज वळता आले नाही. खडक अपार काळात, लहान लहान बदलांनी घडले हे ज्याने जगाला शिकविले, त्यालाच सजीवांच्या जातीही तशाच घडल्या असतील हे मान्य होईना. १८३२ च्या खंडात त्याने लामार्कच्या मताचे खंडन केले होते. १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे लेख विद्वत्सभेपुढे एकत्र वाचले जावेत म्हणून हुकर याच्यासह खटपट केली ती लायेलनेच. तरी स्वतः मात्र तो उंबरठ्यावरच उभा राहिला. कारण उघड होते. ही वाट शेवटी मनुष्यापर्यंत जाते हे त्याला इतरांच्या आधी दिसले होते, आणि मनुष्याचे वेगळेपण, त्याचे श्रेष्ठत्व गमावणे त्याला जिवावर येत होते. १८६३ मध्ये त्याने मनुष्याच्या प्राचीनत्वावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही अखेरचा शब्द उच्चारला नाही. डार्विनला याचे फार वाईट वाटले. शेवटी १८६७-६८ च्या दहाव्या आवृत्तीत, वयाच्या सत्तरीत, त्याने आपल्याच ग्रंथातील पूर्वीची प्रकरणे मोडून उत्क्रांतिवाद स्वीकारला. ज्या पुस्तकामुळे आपली कीर्ती झाली त्याच पुस्तकात आपलेच म्हणणे खोडणे, तेही सत्तरीत, हे साधे काम नव्हे.

त्याच्या सर्वच वाचनांना काळाने संमती दिलेली नाही. वेल्समधील मोएल त्रिफान या टेकडीवर सुमारे १,३५० फूट उंचीवर वाळू-खडीत समुद्री शिंपले सापडतात. त्यावरून, हिमयुगात तो प्रदेश इतका खोल बुडाला होता असे लायेलने मानले. आज आपण जाणतो की, प्रचंड हिमस्तराने आयरिश समुद्राचा तळ खरवडून तो गाळ तेथे वर नेऊन टाकला. साक्षीदार खरा होता, पण तो तेथे कसा आला हे विचारावयाचे राहून गेले. जमिनीवर पसरलेल्या हिमस्तरांची थोरवी लायेलने कधी पुरती मानली नाही. स्वीडन वर का येते याचे उत्तरही त्यातच होते. हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेली ती भूमी बर्फ वितळल्यावर सावकाश उसळत आहे. बोथनियाच्या आखाताकाठी आजही वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. आणि लायेलने जमिनीच्या हालचालीवर सगळा भर दिला, तरी समुद्रही खरोखर चढतो-उतरतो. सागरतळात नळ्या घालून काढलेल्या गाळात सूक्ष्म जीवांची चुनखडी कवचे असतात. त्या कवचांतील ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंच्या प्रमाणावरून पूर्वीच्या बर्फाचा अंदाज करता येतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरही, उथळ पाण्यातच तयार होणारा चुनखडक साठ ते शंभर मीटर खोलीवर शास्त्रज्ञांना मिळालेला आहे. १९६८ साली ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने अटलांटिकचा तळ भोसकला, तेव्हा मधल्या पर्वतरांगेपासून जसजसे दूर जावे तसतसा सर्वांत खालचा गाळ जुना होत जातो असे दिसले, आणि सागरतळच दुतर्फा सरकतो हे सिद्ध झाले. आडव्या सरकण्याची ही गोष्ट लायेलच्या स्वप्नातही नव्हती.

मानसन्मान त्याला भरपूर मिळाले. १८४८ मध्ये सर ही पदवी, १८५८ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक, १८६४ मध्ये सरदारकी. अमेरिकेचे अनेक प्रवास त्याने केले, नायगरा आणि मिसिसिपी पाहिल्या. त्या प्रवासांची पुस्तकेही वाचनीय आहेत.

१८७३ च्या एप्रिलमध्ये मेरी गेली. तिच्याहून अकरा-बारा वर्षांनी मोठा असलेला लायेल मागे राहिला. दृष्टी जवळजवळ गेलेली, चालणे मंदावलेले. तशा अवस्थेतही ‘मूलतत्त्वां’च्या बाराव्या आवृत्तीचे काम त्याने हाती घेतले. पहिला खंड तपासून झाला. दुसरा चालू असताना, २२ फेब्रुवारी १८७५ रोजी लंडनच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन करण्यात आले. राहिलेल्या खंडाची तपासणी त्याचा पुतण्या लेनर्ड याने पुरी केली आणि ती आवृत्ती त्याच वर्षी बाहेर पडली.